तिसावं पेन

५ जून

भुशीस,

माझं पत्र बघून तू चकित होशील. मीही सकाळपासून चकित होऊनच बसलोय, आणि या वयात एकट्याने चकित होणं सोसत नाही, म्हणून लिहितोय.

सकाळी दुकान उघडून लेथवरचा भुसा झटकत होतो, तर त्या शाळेच्या ग्रंथपालबाई आल्या. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून आपण अक्रोडाच्या लाकडाची तीस पेनं करून दिली होती ना, तीच शाळा. तू विसरली असशील असं वाटत नाही. बाई आता निवृत्त झाल्यात. पर्समधून पेन काढून म्हणाल्या, "हे फिरवलं की रिफिल बाहेर येत नाही, मध्येच अडकतं. बाकी त्याला काही झालेलं नाही हो. नऊ वर्षं रोज वापरतेय."

मी पेन हातात घेतलं. भुशे, त्याच्यावर ढग आलेला नाही. पापुद्रा सुटलेला नाही. लाकडाच्या रेषा काचेखाली ठेवल्यासारख्या दिसतात. दारात नेऊन उन्हात धरलं, भिंग लावलं, उलटंपालटं केलं. बाई घाबरून म्हणाल्या, "काय झालं? फार बिघडलंय का?" त्यांना काय सांगणार?

बाकीच्या एकोणतीस पेनांचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. सहा महिन्यांत प्रत्येकावर पांढुरका ढग आला आणि मग पॉलिशऐवजी वर दिलेला गोंदाचा थर नखाने निघायला लागला. मुख्याध्यापक ती सगळी पिशवीत भरून घेऊन आले आणि आपल्या काउंटरवर ओतली. एकोणतीसच होती. एखादं कुणीतरी हरवलं असेल म्हणून मी विचारलंही नाही.

आता सरळ विचारतो. तेच लाकूड, तोच गोंद, घासणारी तूच. मग हे एक कसं टिकलं? या एकाला तू घासायच्या पेपरचे सगळे नंबर लावलेस आणि बाकीच्यांचे चोरलेस, असंच ना? दीडशेचा पेपर, मग दोनशेवीसचा, तीनशेवीस, चारशे, सहाशे. घाई झाली तरी मधला नंबर गाळायचा नाही, हे तू लेथएवढी उंच नव्हतीस तेव्हापासून सांगत आलोय. त्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर "बाबा, मी एकही नंबर चोरलेला नाही" एवढं तू एकदाच म्हणालीस आणि गप्प बसलीस. खरं बोलणारं माणूस असं गप्प बसतं का? की मुद्दाम केलंस? मेणाचं पॉलिश सोडून तुझ्या त्या गोंदाला हो म्हणायला मी दोन वर्षं लावली, त्याचा राग काढलास का?

एक मात्र ध्यानात ठेव. मुख्याध्यापक समोरच होते, त्यांना बोललो ते सोड. पण त्यानंतर मी बाहेर कुणाजवळ तुझ्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही.

उत्तर पाठव.

बाबा

ता. क. तुझा पत्ता माझ्याकडे नाही. तुझ्या आईकडे आहे. ती दर रविवारी दार लावून तुझ्याशी फोनवर बोलते, मी ऐकत नाही. पत्ता मागितला तर म्हणाली, "आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा." वाचून दाखवलं. ती उठली आणि भांडी घासायला लागली. ती भांडी धुतलेलीच होती.


११ ऑगस्ट

भुशीस,

मागचं पत्र ड्रॉवरमध्येच आहे. हेही त्याच्यावरच पडणार बहुतेक.

ग्रंथपालबाईंचं पेन दुरुस्त करून दिलं. काम पाच मिनिटांचं होतं, पण आतला भाग मिळत नाही असं खोटं सांगून मी ते आठवडाभर ठेवून घेतलं. द्यायचा जीवच होईना. परत दिल्यावरही डोक्यातून जाईना. म्हटलं, एकदा तुझी चोरी पकडायचीच, म्हणजे मन शांत होईल.

तू गेल्यावर तुझा गोंद मी दुकानातून हद्दपार केला होता, हे आईने सांगितलं असेलच. जूनमध्ये गुपचूप नवी बाटली आणली. त्याच अक्रोडाचे तुकडे माळ्यावर पडून होते. सहा पेनं केली, अगदी तुझ्या पद्धतीने. प्रत्येक नंबरला लेथ थांबवायचा, लाकडाच्या रेषेने उभं घासायचं, धूळ पुसायची आणि मगच पुढचा पेपर घ्यायचा. तेव्हा मी तुझी टिंगल करायचो, "लेथला विश्रांती देतेयस की स्वतःला?" म्हणून. कामाचा वैताग येतो, पण फिरत्या लेथवर पडलेले गोल चरे त्याने साफ जातात, हे कबूल करतो. सहाशेचा पेपर झाल्यावर आपल्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक पेन डोळे मिटून गालावर फिरवून बघितलं. एका पेनात कानशिलाजवळ जरासं खरखरलं, तर ते पुन्हा चारशेपासून घासलं. मग गोंदाचे बारा थर. पेनं अशी झाली की मलाच माझं कौतुक वाटलं. एक मी खिशात ठेवलं, एक आईला सामानाची यादी लिहायला दिलं, चार काउंटरवर ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला सहीला. म्हटलं, घाम लागू दे, हात लागू देत.

आज सकाळी आईने तिचं पेन माझ्यापुढे टाकलं. "हे बघा. याच्या डोळ्यात फूल पडलं."

मधोमध पांढुरका ढग. मी धावत जाऊन बाकीची गोळा केली. काउंटरवरच्या चारही पेनांवर ढग होताच. खिशातल्याचा पापुद्रा नख लावताच उठला. मी बाकीचीही एकेक करून नखाने तपासली. भुशे, मी एकही नंबर चोरला नव्हता गं. हात माझे, नजर माझी, घाई कसलीच नव्हती. आणि पेनांची तीच गत झाली जी तुझ्या पेनांची झाली होती.

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, "मग? आता कोणाला घराबाहेर काढायचं?"

मी तुला काढलं नव्हतं, तू आपल्या पायांनी गेलीस, असं मी नऊ वर्षं तिला सांगत आलोय. आजही तेच म्हणायला तोंड उघडलं, आणि पेनं गोळा करून ड्रॉवरमध्ये टाकली.

गोंदच वाईट म्हणावा, तर ते ग्रंथपालबाईंचं पेन डोळ्यांसमोरून हलत नाही. काही कळेनासं झालंय.

बाबा


१४ ऑगस्ट

भुशे,

घाईत लिहितोय, अक्षर वाचून घे.

आज आई पलंगावरच्या चादरी आणि उशांचे अभ्रे काढत होती. तिची ती नेहमीची कटकट सुरू होती आणि मी नेहमीप्रमाणे हूं हूं करत होतो. "हा बघा तुमचा अभ्रा! पुन्हा तेलाचा डाग. सोडा घातला, उकळत्या पाण्यात बुडवला, तरी हटत नाही. सकाळी दाढी करून गालाला चोळलेलं तेल रात्री उशीला लागतं, म्हणजे दिवसभर ते गालावरच असतं की नाही?"

मी अभ्रा तिच्या हातातून ओढून घेतला. तिला वाटलं, याचं डोकं फिरलं.

लाकडाच्या धुळीने माझे गाल फुटायचे, म्हणून दाढी झाली की बदामाच्या तेलाचे दोन थेंब. तुझ्या जन्माच्याही आधीपासून. त्यात काही असेल असं कधी मनातसुद्धा आलं नाही. दातांना मंजन, तसं गालाला तेल.

चपला न घालता दुकानात गेलो. सहाशेपर्यंत घासलेला अक्रोडाचा एक तुकडा घेतला आणि गालावर फिरवला. उजेडात धरला तर काहीच दिसेना. मग त्याच्यावर पाण्याचे थेंब टाकले. टोकाकडचे थेंब लाकडाने पिऊन टाकले. मधला थेंब, जिथे गाल लागला होता तिथला, मणी होऊन उभा राहिला. कितीतरी वेळ तो तसाच उभा होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. ज्या लाकडात पाणी शिरत नाही त्यात गोंद कसा शिरणार?

तुझे आजोबा म्हणायचे, "बोटं निबर होतात, गाल कोवळा राहतो. गालाला पास झालं तरच पेन दुकानाबाहेर जाईल." त्यांच्याकडे मेणाचं पॉलिश होतं. मेणाला तेलाचं वावडं नाही. त्यांचं काही चुकलं नाही. तुझंही नाही. मी ज्याला शोधत होतो तो रोज सकाळी आरशासमोर उभा राहून दाढी करत होता.

मला आज जेवण गेलं नाही.


९ ऑक्टोबर

भुशे,

तरीही माझा विश्वास बसेना. माणूस इतकी वर्षं एक गोष्ट धरून बसला की ती सोडताना कातडी निघते. म्हणून पुन्हा सहा पेनं केली. तीन गालावर फिरवली, तीन नाही. न फिरवणं हेच अवघड होतं. सहाशेचा पेपर खाली ठेवला की हात आपसूक वर जातो. शेवटी गालाला चिकटपट्टी लावून बसलो. पोस्टमनने विचारलं, "काका, कुठे पडलात का?" मी हो म्हणालो.

आज दोन महिने होत आले. गालाची तिन्ही पेनं गेली. बिनगालाची तिन्ही त्या ग्रंथपालबाईंच्या पेनासारखी लखलखतायत.

आईला दाखवली. ती म्हणाली, "तुम्हाला तिसाव्याचं आठवत नाही का? शेवटच्या दिवशी तुमची अक्कलदाढ काढली होती. गाल हा एवढा सुजलेला. तुम्ही पलंगावर कण्हत होता आणि पोरीने शेवटचं पेन एकटीने पुरं करून दिलं." मग म्हणाली, "अक्कल काढली त्या दिवशी एक पेन बरं झालं."

हसलो मी. आणि हसताहसता मला ते आठवलं, भुशे. ते आठवल्यापासून मी माणसात नाही.

तू स्पिरिटची बाटली आणि एक पांढरं फडकं लेथशेजारी ठेवलं होतंस. त्या तीस पेनांच्या कामाची सुरुवात होती. मी पेन गालावर फिरवून खाली ठेवलं की तू ते उचलून फडक्याने पुसायचीस. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा भडकलो. "मी काय नासका आहे? माझा गाल लागला की पुसतेस?" तू म्हणालीस, "बाबा, तसं नाही, तेल..." मी पुढे बोलूच दिलं नाही. "तुझ्या आजोबांपासून चालत आलेल्या गालाला तू शिकवणार?" म्हणालो, बाटली उचलून खिडकीतून बाहेर भिरकावली आणि तू पुसलेली पेनं मुद्दाम पुन्हा गालावर फिरवली. पुन्हा त्या फडक्याला हात लावलास तर लेथला हात लावू देणार नाही, असंही म्हणालो. सगळं शब्दन्‌शब्द आठवतंय. इतके दिवस हे कुठे होतं?

तुला कळलं होतं. तू सांगत होतीस. मी तुझं फडकं बंद केलं, आणि पेनं सोलून आली तेव्हा मुख्याध्यापकांना म्हणालो, "माझ्या मुलीने नंबर चोरले." तू तेव्हा एका शब्दात मला उघडं पाडू शकली असतीस. त्यांच्यासमोर नुसतं "बाबांच्या गालाचं तेल" एवढं म्हणायचं होतं. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मला वाटायचं, उद्धटासारखी नजर रोखून बघत होतीस. आज कळतंय, तू माझ्या गालाकडे बघत होतीस. मला याची लाज वाटते. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आणखी एक आहे. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलंय.

तू गेल्यावर महिन्याभराने टोपीवाले दुकानात आले होते. पुलापलीकडे ज्यांच्या कारखान्यात वीस लेथ आहेत, तेच. म्हणाले, "तुमची मुलगी आमच्याकडे कामाला येते म्हणतेय. हात कसा आहे?" मी म्हणालो, "हात चांगला आहे. पण नंबर चोरते." आपल्या धंद्यात कुणाबद्दल याहून वाईट काही बोलता येत नाही, हे मला माहीत होतं. बापच असं म्हणतोय म्हटल्यावर तुला कुठल्या कारखान्याने घेतलं नसणार. तू आता चष्म्याच्या दुकानात काचा घासतेस हे मला आईकडून कळलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "बरं झालं, काचेला नंबर चोरता येत नाही." आई त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

हे मी तिलाही आजच सांगितलं, टोपीवाल्यांचं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती नुसती बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "उद्या त्यांच्याकडे जा. चालत जा."


२ नोव्हेंबर

भुशे,

उद्या म्हणाली होती, मला तीन आठवडे लागले. पण गेलो. चालतच गेलो.

टोपीवाले थकलेत आता, टोपी मात्र तीच आहे. त्यांच्यासमोर माझी सहा पेनं मांडली आणि सगळं सांगितलं, गालाचं, तेलाचं, फडक्याचं. म्हणालो, "माझ्या मुलीने कधीच नंबर चोरला नाही. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं." आजूबाजूच्या लेथवरची माणसं काम थांबवून ऐकत होती. बरं वाटलं. ऐकू देत म्हटलं.

टोपीवाल्यांनी चष्मा काढून पुसला. मग खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. शिसवीचं, जरा बारीक अंगाचं, मधे हलकासा फुगवटा. तुझं. मी कुठेही ओळखलं असतं.

"नमुना म्हणून आणलं होतं तिने," ते म्हणाले. "मी इतकं चांगलं काम बघितलं नव्हतं. म्हणून तर तुमच्याकडे चौकशीला आलो. तुम्ही ते असं म्हणालात. मला वाटलं, जी नंबर चोरते तिच्या हातून हे होणंच शक्य नाही. बापाने केलेलं पेन आपलं म्हणून दाखवतेय. मी तिला तसं बोललो, तोंडावर."

मी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"काही नाही. पेन परत घ्यायलासुद्धा थांबली नाही."

मी त्यांच्या स्टुलावर बसलो. कुणीतरी पाणी आणून दिलं. तुला नोकरी मिळाली नाही एवढंच मला वाटत होतं. तुला चोर ठरवलं हे मला माहीत नव्हतं. तेही माझं पेन चोरलंस म्हणून! माझ्याच्याने असं पेन आजही होत नाही, भुशे. हे मी त्यांना सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

पेन मागितलं, तर म्हणाले, "नाही देणार. रोजचं आहे माझं. ती मागायला आली तर देईन." मग विचारलं, "येईल का ती? एक लेथ तिच्यासाठी आजही मोकळा करतो." मी म्हणालो, "मला विचारू नका. माझ्या शब्दावर तुम्ही एकदा चाललात, तेवढं पुरे." त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून पाकिटात घालून दिलंय. मी उघडलेलं नाही. सोबत ठेवतोय.

आपल्या काउंटरच्या काचेवर मी कागद लावलाय. "शाळेची पेनं माझ्या चुकीने बिघडली. माझ्या मुलीचं काम चोख होतं." येणारा प्रत्येक जण वाचतो आणि कुठली शाळा म्हणून विचारतो. मग मी पहिल्यापासून सांगतो. मुख्याध्यापक वारले, नाहीतर त्यांच्याही घरी गेलो असतो.

सगळी पत्रं आज आईसमोर ठेवली आणि पत्ता मागितला. तिने चारही वाचली आणि हे पाचवंही इथवरचं, मान खाली घालून. मग म्हणाली, "पहिलं फाडून टाका. असलं पत्र पोरीने आता कशाला वाचायचं?" मी नाही म्हणालो. ते दीडशेच्या पेपरसारखं आहे, फार खरखरीत आहे, कबूल. पण ते गाळून पुढची तेवढी पाठवली, तर नंबर चोरल्यासारखं होईल. तिने मग पाकीट पुढे ओढलं आणि स्वतःच्या हाताने तुझा पत्ता लिहिला. मी बघितला नाही. तू सांगशील तेव्हा बघेन.

खोक्यात एक पेन आहे, कापसात गुंडाळलेलं. त्याच अक्रोडाचा शेवटचा तुकडा होता. सहाशेपर्यंत घासलंय, प्रत्येक नंबरला लेथ थांबवून. गोंद लावलेला नाही, कोरंच आहे. गालाला लावलेलं नाही. हात दोनदा वर गेला, दोन्ही वेळा तुझ्या आईने धरला. पण त्यामुळे झालंय असं की ते गुळगुळीत झालंय का, हे मला सांगता येत नाही. माझी बोटं केव्हाच निबर झालीत, आणि गालावर माझा विश्वास राहिलेला नाही.

तू बघ. स्पिरिटची बाटली आणि पांढरं फडकं लेथशेजारी आणून ठेवलंय. कुठे खरखर लागत असेल तर परत पाठव, आणि कुठल्या नंबरपासून पुन्हा सुरू करू ते कळव.

बाबा